कॉलरच्या आतली पट्टी

शिकागो

प्रिय भावा,

तू सांगितलेलं, गाडीवर घालायचं जॅकेट मी घेतलं नाही. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

परवा एका नावाजलेल्या मोटारसायकल कंपनीच्या शोरूममध्ये मुद्दाम गेलो. काळं चामडं, पाठीवर भलंमोठं चिन्ह, किंमत ५५० डॉलर. मग तुझी सवय आठवली, कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं. आतल्या पट्टीवर पाकिस्तान. शेजारच्या ४५ डॉलरच्या टी-शर्टवर बांगलादेश. बाहेरून आलेल्या कपड्यावर देशाचं नाव लावायचा इथे कायदाच आहे. पण ते कॉलरच्या आत, आणि छातीवर अमेरिकेचा झेंडा.

परदेशात शिवलं म्हणून मी चिडलेलो नाही. पाकिस्तानातल्या सियालकोटचे कारागीर चामड्यात मुरलेले, आणि आपल्या तिरुपूरचे टी-शर्ट तर जगभर जातात. इचलकरंजीत तुझ्या मागावरून उतरलेलं कापडही पुढे कुणाच्या नावानं विकलं जातं, तुला तरी कुठे कळतं? मला टोचतं ते एवढंच, की एवढ्या किमतीतलं शिवणाऱ्याच्या हातात फार थोडं पडतं, आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगाला त्याचा काही उपयोग नाही. पैसा चिन्हाचा, जाहिरातीचा, दुकानाच्या झगमगाटाचा.

पूर्वी असं नव्हतं रे. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीनं पर्फेक्टो जॅकेट काढलं. लाँग आयलंडच्या हार्ले विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळे. त्याची चेन तिरकी, कारण हँडलवर वाकल्यावर सरळ चेन पोटात रुतते, आणि एका पल्ल्यावर दुसरा पल्ला चढला की वारा आत शिरत नाही. ज्यानं ते बेतलं त्यानं गाडीवर बसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता.

मी बघितलेल्या जॅकेटचं कोपर दाबलं. आत नुसतं अस्तर! गेल्या पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात तू घसरलास, कोपर हाडापर्यंत सोललं होतं, तो फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तसलं अस्तर अंगात असतं तर काय वाचलं असतं?

म्हणून आता लेबलावर ईएन १७०९२ बघायचं. मोटारसायकलवर घालायच्या कपड्यांचं युरोपचं मानक आहे. एएए सगळ्यात भक्कम, त्याखाली एए, मग ए. बी वर्गात धक्का झेलणारं पॅडिंग नसतं, तो घ्यायचा नाही. खांद्या-कोपरातल्या पॅडवर ईएन १६२१ असं छापलेलं हवं. शिवलेलं कुठलंही असू दे, चिन्ह नसलं तरी चालेल.

एए वर्गाचं एक मी हेरून ठेवलंय, दिवाळीत येताना आणतो. तेवढं छातीचं आणि हाताचं माप कळव. उभं राहून घेऊ नकोस, बुलेटवर बस, हँडल धर, आणि वहिनींना टेप लावायला सांग.

तुझाच,
मागच्या सीटवरचा