मोहिमेची सूत्रं मुलांच्या हाती जाऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आत्मविश्वास आणि नेतृत्वगुण वाढवून देण्याची हमी देणाऱ्या साहस शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. किशोरवयीन मुलामुलींना डोंगरात घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे मुलं चार भिंतींबाहेर पडतात याचा मला आनंदच होतो. मात्र दोरावरचे खेळ वेगळे आणि मोहीम वेगळी. पालकांनी आणि शाळांनी हा फरक ओळखावा, म्हणून हे पत्र.

झिपलाइनवर, म्हणजे उंचावर ताणलेल्या दोराला लटकून घसरत जाताना, मुलाला स्वतःला ठरवायचं असं काहीच नसतं. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, दुसरा कुणी बांधतो, दोर दुसरा तपासतो, ढकलतोही दुसराच. मिनिटभर पोटात गोळा येतो आणि संपतं. मोहिमेत मात्र सलग काही दिवस आपलं ओझं आपण वाहत चालायचं असतं. पाणी कुठे भरायचं, मुक्काम कुठे करायचा, ढग दाटून आलेत तर पुढे जायचं की मागे फिरायचं, हे सगळं ठरवावं लागतं. निर्णय चुकला तर त्याचा हिशेब त्याच संध्याकाळी होतो. उशिरा निघालं की अंधारात तंबू ठोकावा लागतो, त्यासाठी कुणाच्या रागावण्याची गरज पडत नाही. वर्गात केलेल्या चुकीचा परिणाम इतका लगेच आणि इतका निःपक्षपातीपणे समोर येत नाही.

ही कल्पना आजची नाही. १९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं. त्यात सधन घरांतली आणि कष्टकरी घरांतली मुलं एकत्र होती. त्यांनी मुलांचे छोटे गट पाडले आणि प्रत्येक गटाची जबाबदारी त्यातल्याच एका मोठ्या मुलावर सोपवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी अनुभवी खलाशांच्या आधी धीर सोडतात, असं जहाज व्यवसायातल्या लॉरेन्स होल्ट यांचं मत झालं होतं. नाझी जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी त्यांच्या मदतीने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे 'आउटवर्ड बाउंड' या साहस-शिक्षण संस्थेची पहिली शाळा सुरू केली. कमी पडत होता तो स्वतःवरचा भरवसा, आणि तो समुद्रावर आणि डोंगरातच कमावता येईल, अशी त्यांची धारणा होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये हीच गोष्ट सिद्धांताच्या रूपात मांडली. 'मला हे जमेल' ही भावना सर्वांत पक्की होते ती प्रत्यक्ष जमवून दाखवल्याने. इतरांनी दिलेलं प्रोत्साहन त्यापुढे फिकं पडतं. 'तू करू शकतेस' असं मुलीला दहादा सांगण्यापेक्षा तिच्या हातात नकाशा आणि होकायंत्र देऊन आपण चार पावलं मागे राहणं अधिक उपयोगाचं, ते यासाठी.

आणि हे मागे राहणंच मोठ्या माणसांना सर्वांत जड जातं. गट वाटेच्या फाट्यावर थांबतो. नकाशा फिरवून फिरवून पाहिला जातो. सगळ्यांची नजर प्रशिक्षकाकडे वळते. प्रशिक्षकाला उत्तर माहीत असतं आणि ते सांगितलं तर पंधरा मिनिटं वाचणार असतात. पण तिथे तोंड उघडलं की त्या दिवसाचं शिक्षण संपलं. गप्प राहिलं तर थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, 'ओढा आपल्या डाव्या हाताला हवा होता, आपण जास्त वर आलोय.' हे बोलणारा बरेचदा वर्गात मागच्या बाकावर बसणारा असतो. पहिल्या दिवशी ज्याचा आवाज मोठा तो पुढारी असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत चित्र पालटतं. कुणाच्या टाचेला फोड आलाय हे जिच्या लक्षात येतं, सगळ्यात हळू चालणाऱ्याला जी पुढे ठेवते आणि त्याच्या चालीने सगळ्यांना चालवते, त्याच्या सॅकमधलं ओझं जी न सांगता वाटून घेते, तिचं ऐकलं जातं. म्हणूनच मोहिमेचा नायक रोज बदलला पाहिजे. काल ज्याने हुकूम सोडले त्याने आज दुसऱ्याचं ऐकायचं आणि भांडी घासायची. अनुयायी होणं ज्याला जमत नाही त्याच्या हाती गट सोपवायला मी तरी धजावत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न पालक विचारणारच, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे कयाक घेऊन समुद्रात गेलेल्या गटातल्या चार किशोरवयीन मुलांचा जीव गेला. त्यानंतर ब्रिटनने १९९५ मध्ये साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला. मोकळीक म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे असल्या घटनांतून फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं आहे. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये तरुणांसाठी सुरू झालेल्या 'ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड' योजनेतल्या मोहिमेत चार ते सात जणांचा गट स्वतः आखलेल्या मार्गावर स्वतः चालतो. पर्यवेक्षक त्यांच्यासोबत चालत नाही, पण मार्ग त्याला पाठ असतो आणि ठरल्या ठिकाणी तो भेटतो. अशी मोकळीक देण्याआधी मुलांकडून नकाशावाचन, प्रथमोपचार, स्टोव्हची हाताळणी घोटवून घ्यावी लागते. गप्प उभा राहणारा प्रशिक्षक सतत शिट्टी फुंकणाऱ्यापेक्षा अधिक तयारीचा लागतो.

हा आत्मविश्वास घरी परतल्यावर टिकतो का, अशी शंका घेतली जाते. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा उपक्रमांवरचे ९६ अभ्यास एकत्र तपासले. उपक्रम संपल्यानंतरही लाभ वाढत गेल्याचं त्यांना दिसलं. सगळे उपक्रम मात्र सारखे परिणामकारक नव्हते, आणि जास्त दिवसांचे अधिक उपयुक्त ठरले. माझ्या पाहण्यातही एका रात्रीच्या मुक्कामाने फारसं काही होत नाही. पहिल्या रात्री सगळे उत्साहात असतात. खरी कुरबुर, थकवा आणि त्यातून निघणारा समजूतदारपणा नंतर येतो. रोज रात्री गोल बसून 'आज काय चुकलं, उद्या काय बदलायचं' हे मुलांनीच बोलायला हवं, नाहीतर अनुभव तिथल्या तिथे विरून जातो.

तेव्हा पालकहो, शिबिराला नाव नोंदवण्याआधी आयोजकांना थेट विचारा. मार्ग कोण आखणार? स्वयंपाक कोण करणार? प्रत्येक मुलाला एक दिवस तरी गट सांभाळायला मिळणार का? एका प्रशिक्षकामागे मुलं किती, आणि त्याचं स्वतःचं प्रशिक्षण काय झालंय? कुणी जखमी झालं तर बाहेर कसं काढणार? शाळांनाही एक विनंती. निवड करताना नेहमीचे वर्गप्रमुख आणि खेळाडूच पाठवू नका. जे हात वर करत नाहीत त्यांची नावं आधी घ्या, आणि खर्च परवडत नाही म्हणून एकही मूल मागे राहणार नाही याची तजवीज नावं जाहीर करण्यापूर्वीच करा.

आपली,
एक वाचक आणि मोहीम प्रशिक्षक