इतिहासाच्या तासाला कादंबरी राहू द्या : कनेक्टिकटच्या शिक्षण आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
कनेक्टिकट राज्य, हार्टफर्ड

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या माणसांसाठी. या राज्यात मराठी घरं बरीच आहेत, आणि पालकसभेत "इतिहासाच्या तासाला कादंबरी कशाला? गोष्टी काय, घरी वाचेल की तो!" असं म्हणणाऱ्यांत आमची मंडळी मागे नसतात. तेव्हा मागणी आपल्याकडे आणि समजूत त्यांची, अशी दोन्ही कामं एकाच पत्रात उरकते.

मी इथल्या एका सार्वजनिक शाळेत ग्रंथपाल आहे. मुलं सहावी ते आठवीची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा भाग आला की इतिहासाचे शिक्षक, इंग्रजीच्या बाई आणि मी मिळून आठवीकडून एक अख्खी कादंबरी वाचून घेतो आणि मग त्याच मुलांना तिची उलटतपासणी करायला बसवतो. आता आम्हाला सांगण्यात आलं आहे की पूर्ण पुस्तक नको, निवडक उतारे आणि त्याखाली प्रश्न पुरेत. संशोधनाचा प्रकल्प वेळ उरला तर. शाळेत वेळ कधी उरतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

कादंबरीचं नाव सांगते, कारण ती वादग्रस्त आहे. 'माय ब्रदर सॅम इज डेड', 1974 सालची, कॉलियर बंधूंनी लिहिलेली. त्यांपैकी ख्रिस्तोफर कॉलियर पेशाने इतिहासकार; पुढे ते आपल्याच राज्याचे अधिकृत राज्य-इतिहासकार झाले. गोष्ट आपल्याच राज्यातल्या रेडिंग गावची, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातली. थोरला सॅम येल महाविद्यालयातलं शिक्षण सोडून, इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या फौजेत जातो. वडील सराई चालवतात, त्यांना हे युद्धच नको आहे. धाकटा टिम दोघांच्या कात्रीत. पुढे राजाशी भांडण नको म्हणणारे वडील मरतात ते ब्रिटिशांच्याच कैदी-जहाजावर. आणि सॅमला गोळ्या घालते त्याची स्वतःची फौज, त्याने न केलेल्या गुरंचोरीसाठी. गुरं त्याच्याच घरची असतात. सेनापतीला मात्र जरब बसवायची असते.

या पुस्तकाला अमेरिकेतल्या शाळांमधून काढून टाकण्याच्या मागण्या अनेकदा झाल्या: शिव्या आहेत, दारू आहे, रक्त आहे. युद्धात हे सगळं होतं, यापलीकडे मला त्यावर काही म्हणायचं नाही. मला चिंता आहे ती उताऱ्यांची. उताऱ्यासाठी कोणीही सॅमच्या मृत्यूचा प्रसंग निवडेल. तो वाचून मुलाला वाईट वाटेल, खालच्या चार प्रश्नांची उत्तरं तो लिहील आणि दप्तर उचलेल. पूर्ण पुस्तक वाचणाऱ्या मुलाचं वेगळंच होतं. सुरुवातीला जवळजवळ सगळी मुलं सॅमच्या बाजूची असतात. तरुण आहे, हातात बंदूक आहे, तोंडी स्वातंत्र्य आहे. शंभरेक पानांनंतर बरीचशी वडिलांकडे सरकतात. शेवटी कोणाकडेच नसतात, आणि चिडलेली असतात. "मग बरोबर कोण होतं?" असं विचारत माझ्या टेबलाशी येतात. संघर्षाचा इतिहास शिकवायचा म्हणजे मुलाला या अवस्थेपर्यंत आणायचं, असं माझं मत आहे. दोन पानांत ते होत नाही.

पण तिथेच सोडलं तर आम्ही नुसते रडवणारे ठरू. या कादंबरीच्या शेवटी लेखकांनी स्वतःच प्रश्न घातला आहे: यातलं खरं किती? खरे प्रसंग कोणते आणि कल्पनेतले कोणते, हे त्यांनी तिथे सांगितलं आहे. आमचं काम तिथून सुरू होतं.

1778-79 च्या हिवाळ्यात बंडखोरांच्या फौजेतले जनरल इस्रायल पुटनम यांची छावणी रेडिंगला होती. ती जागा आज राज्याचं उद्यान आहे. फेब्रुवारी 1779 मध्ये तिथे दोघांना मृत्युदंड दिला गेला: एडवर्ड जोन्सला हेर म्हणून फाशी, आणि जॉन स्मिथ या सतरा वर्षांच्या शिपायाला पळून गेल्याबद्दल गोळ्या. म्हणजे सॅम मीकर कधी जन्मलाच नाही, पण त्याच्या वयाचा एक मुलगा आपल्याच फौजेच्या गोळ्यांनी तिथे मेला. हे कळल्यावर एका मुलीने विचारलं, मग लेखकांनी जॉन स्मिथचीच गोष्ट का नाही सांगितली? मी म्हटलं, शोध. त्याच्याबद्दल किती हाती लागतं, ते बघ. फारच थोडं लागलं. कादंबरी का लिहावी लागते, ते तिला त्या कोऱ्या जागेने शिकवलं. माझ्या व्याख्यानाने शिकवलं नसतं.

मग आम्ही मुलांना निवृत्तिवेतनाच्या कागदांकडे पाठवतो. 1832 च्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धातल्या हयात शिपायांना पेन्शन देऊ केलं. किमान सहा महिन्यांची चाकरी दाखवायची. बहुतेकांजवळ कागदपत्रं नव्हती. सत्तरी-ऐंशीतले म्हातारे न्यायालयात उभे राहून, पन्नास वर्षांपूर्वी आपण कुठे होतो, कोणाच्या हाताखाली होतो, हे शपथेवर सांगत आणि कारकून लिहून घेई. या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आता ऑनलाइन वाचता येतात, आणि त्यांतली वळणदार अक्षरं टंकून देण्याचं काम सामान्य नागरिकही करू शकतात. आमची आठवीची मुलं करतात. या जबान्यांत महिना चुकतो, अधिकाऱ्याचं नाव चुकतं. थंडी आणि भूक चुकत नाही. शिवाय हा माणूस हे का सांगतो आहे, तर त्याला पैसे हवे आहेत. मग त्याचं किती धरायचं? तेरा वर्षांच्या पोराने हा प्रश्न स्वतःहून विचारला की इतिहासाचे शिक्षक माझ्याकडे बघून भुवया उंचावतात. सोबतीला जोसेफ प्लंब मार्टिनच्या आठवणी असतात. कनेक्टिकटच्या पलटणीतला हा साधा शिपाई पंधराव्या वर्षी भरती झाला, त्याच हिवाळ्यात रेडिंगच्या छावणीत होता, आणि 1830 मध्ये त्याने आपलं पुस्तक छापलं. उपाशी शिपाई अधिकाऱ्यांवर कसे उखडले होते, हे त्याच्याइतकं मिश्कीलपणे कोणी लिहिलेलं नाही.

संघर्ष काही फक्त राजनिष्ठ आणि बंडखोर यांच्यात नव्हता. म्हणून दुसरा गट लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'चेन्स' वाचतो. 1776 चं न्यूयॉर्क; इझाबेल ही गुलाम मुलगी एका राजनिष्ठ जोडप्याला विकली गेली आहे आणि कोणता पक्ष आपल्याला मोकळं करील याचा अंदाज घेते आहे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर त्या काळातल्या खऱ्या कागदाचा तुकडा आहे, म्हणजे शोधाची वाट पुस्तकानेच आखून दिली आहे. त्या वाटेवर मुलांना व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर भेटतो. बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त, असं त्याने नोव्हेंबर 1775 मध्ये जाहीर केलं. आणि 1783 ची एक वही सापडते, जिच्यात न्यूयॉर्कहून ब्रिटिश जहाजांवर चढलेल्या सुमारे 3,000 कृष्णवर्णीयांची नावं, वयं, अंगावरच्या खुणा आणि पूर्वीच्या मालकांची नावं आहेत. बरेच जण नोव्हा स्कॉशियाला गेले. मालकांच्या रकान्यात आपल्या राज्यातली गावं दिसली की वर्गात चुळबुळ होते. कनेक्टिकटने 1784 मध्ये टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला आणि गुलामगिरी पुरती संपवली ती 1848 मध्ये. "स्वातंत्र्य म्हणजे कोणाचं?" हे वाक्य मग फळ्यावर लिहावं लागत नाही.

मराठी वाचकांनो, आयुक्तांची क्षमा मागून दोन शब्द तुमच्याशी. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. ते लोक कशाविरुद्ध झटले, हे आपल्या मुलांना आठवीत कळत असेल तर तो वेळ गणिताच्या शिकवणीतून चोरलेला नाही. आणि कादंबरीतून इतिहास घेण्याचा धोका आपल्याइतका कोणाला ठाऊक असणार? बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला त्याच 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, हे आपण सगळे जन्मापासून जाणतो. आपल्यातलं कोण शाळेत असताना तो कागद शोधायला गेलं होतं? कोणी पाठवलंच नाही. कादंबऱ्या आपण भरपूर वाचल्या आणि तिथेच थांबलो. इथल्या शाळेत मुलाला पुढे पाठवतात, तर त्याला अडवू नका.

आयुक्तसाहेब, आता अडचणीची बाजू. सगळ्याच संघर्षांना कादंबरी मिळत नाही. 26 मे 1637 रोजी मिस्टिक इथे इंग्रज आणि त्यांच्या मित्र-टोळ्यांनी पेक्वॉट या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या तटबंद वस्तीला आग लावली. शेकडो माणसं मेली, त्यांत बायका-मुलं होती. पुढच्याच वर्षीच्या हार्टफर्डच्या तहाने उरलेल्यांना पेक्वॉट हे नाव लावायलाही बंदी केली. आपलं कार्यालय ज्या शहरात आहे, तिथलाच हा तह. यावर आठवीच्या हातात निःशंकपणे द्यावी अशी कादंबरी माझ्या कपाटात नाही. जुन्या बालकादंबऱ्यांत मूळ रहिवासी जंगलातून येतो, उपयोगी पडतो किंवा घाबरवतो, आणि जातो. इथे आधार फक्त संशोधनाचा. हल्ल्याचा प्रमुख जॉन मेसन याने स्वतः लिहिलेली हकीकत मुलं वाचतात. मग त्याच्या पुतळ्याची कथा: 1889 मध्ये मिस्टिकला उभारला, पेक्वॉट वंशजांनी हरकत घेतल्यावर 1996 मध्ये तिथून हलवून विंडसरला नेला. आणि मग मॅशंटकेट पेक्वॉट संग्रहालय, जे त्या वंशजांनीच उभारलं आहे. तिथे जायला बस लागते. बसला पैसे लागतात. माझ्या पत्रातला सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

विद्यार्थी-संशोधनाला देशात चांगली चौकट आहे. 1974 मध्ये क्लीव्हलंडला सुरू झालेल्या 'नॅशनल हिस्टरी डे'त सहावीपासूनची मुलं निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रयोग किंवा संकेतस्थळ करतात. मूळ साधनं कोणती आणि नंतरची कोणती, हे वेगळं दाखवावं लागतं. 2018 चा विषय होता संघर्ष आणि तडजोड. 2026 चा आहे क्रांती, प्रतिक्रिया आणि सुधारणा. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होत असताना याहून चपखल काय असणार? आणि याच सुमारास, एप्रिल 2025 मध्ये, केंद्र सरकारच्या मानव्यविद्या निधीने (इतिहास, साहित्य अशा विषयांना पैसा पुरवणारी संस्था) राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांची अनुदानं तडकाफडकी थांबवली. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. पण कित्येक राज्यांत हिस्टरी डेचा गाडा याच परिषदा ओढतात, आणि मुलाचं आठवीचं वर्ष कोर्टाच्या निकालासाठी थांबत नाही.

अभ्यासक्रम ठरवणं स्थानिक शिक्षण मंडळांच्या हाती आहे, हे मी जाणते. आदेश काढा असं मी म्हणत नाही. पण राज्याच्या मार्गदर्शक सूचनांत इतिहासाच्या तासाला पूर्ण कादंबरी आणि तिच्यासोबत मूळ कागदांवरचं काम ही जोडी स्पष्टपणे लिहिलेली असली, तर आमच्यासारख्यांना बैठकीत बोट ठेवायला एक ओळ मिळते. आज ती नसल्यामुळे आम्ही हरतो. दुसरं, दोन विषयांचे तास जोडले तर ते भाषा आणि इतिहास दोन्हींत मोजले जातील, एवढं स्पष्ट करा. वेळेचं निम्मं भांडण तिथेच मिटेल. तिसरं, हार्टफर्डचं राज्य ग्रंथालय, रेडिंगचं उद्यान, मॅशंटकेट, ग्रोटनचा फोर्ट ग्रिस्वोल्ड अशा ठिकाणी जाण्यासाठी लहान अनुदान ठेवा, आणि ते श्रीमंत उपनगरांच्या आधी ब्रिजपोर्ट आणि वॉटरबरीच्या शाळांना द्या. उपनगरांत पालक वर्गणी काढतात. मी पाहिलं आहे.

आणि कृपा करून दोन्हींपैकी एकच देऊ नका. नुसती कादंबरी दिलीत तर मुलं सॅमला खरा मानून बसतील. नुसते कागद दिलेत तर जॉन स्मिथच्या नावावरून त्यांची नजर पुढे सरकेल, कारण सतरा वर्षांचं असणं म्हणजे काय, हे त्यांना त्या ओळीत दिसणार नाही.

आमच्या शाळेची पुढच्या वर्षाची पुस्तकखरेदी जूनअखेर बंद होते. सूचना त्याआधी निघाली तर फाटलेल्या प्रतींच्या जागी नव्या मागवता येतील. नंतर निघाली तर तो पैसा उतारा-संचांच्या वर्गणीत गेलेला असेल.

आपली,
कनेक्टिकटमधली एक शालेय ग्रंथपाल