उजव्या पानावरची तारीख

दांडिया बाजार, बडोदे
सोमवार, पहाटे

प्रिय आई-बाबा, सलाम.

काल फोनवर आईने विचारलं, "प्रार्थना चालू आहे ना रे?" मी नुसतं "हो" म्हणालो. बाकीचं फोनवर बोलवेना, म्हणून लिहितोय.

नगर सोडल्यावर कितीतरी वर्षं मी एकट्याने प्रार्थनेला बसतच नव्हतो. रविवारी फतेहगंजला चर्चला जायचं, गुजरातीत उपासना झाली की घरी. आत्मिक वाढ म्हणजे उज्जीवन सभेत मन भरून येतं तसं काहीतरी, अशी माझी समजूत होती. ते चार दिवस टिकायचं.

नाताळात आलो तेव्हा बाबांची प्रार्थनेची जुनी वही न विचारता घेऊन आलो. बाबा, माफ करा. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर प्रार्थना ऐकली गेली त्या दिवसाची तारीख. माझं नाव प्रत्येक नव्या पानावर पुन्हा लिहिलंय आणि समोरची जागा दरवेळी कोरी. इतकी वर्षं तुम्ही न थकता लिहीत राहिलात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला उठतो. प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात जात असे, हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण बडोद्यात ओट्याशेजारी स्टूल टाकून बसल्यावर त्याचा अर्थ कळायला लागला. दिवसाला बायबलमधलं एक स्तोत्र, मोठ्याने. ११९ वं आलं तेव्हा घाई केली नाही. १७६ वचनं आहेत, हिब्रूच्या २२ अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांचे २२ भाग. रोज एक भाग घेतला, बावीस दिवस त्यातच राहिलो. आणि ८८ वं! ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. मन कोरडं असताना प्रार्थना करणं म्हणजे ढोंग, असं मला वाटायचं. पवित्र शास्त्रात तसल्या दिवसाचंही स्तोत्र आहे म्हटल्यावर ती भीती गेली. आता शब्द सुचले नाहीत तर स्तोत्राचेच घेतो.

खालच्या मजल्यावरच्या आजींचा हरिपाठ त्याच वेळी चालू असतो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गीतं अभंगात का बांधली, ते मला या जिन्यात उमगलं. दिवसभर गुजराती बोलतो, पण देवाशी बोलताना मराठीच येते.

आता जे सांगायचं होतं ते. ज्यांनी माझी बढती अडवली त्यांचं नाव मी डाव्या पानावर लिहिलं. जे छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असं प्रभूने सांगितलंय म्हणून, मनातून नाही. पहिले काही आठवडे नाव वाचायचो आणि पुढे जायचो, दात आवळून. मग एके दिवशी ऑफिसात कळलं की त्यांची आई आजारी आहे, आणि दुसऱ्या पहाटे त्या माउलीसाठी मी आपसूक प्रार्थना केली. संध्याकाळी त्यांच्याकडे चौकशीही केली. बढती अजून झालेली नाही. पण त्यांच्या केबिनसमोरून जाताना छातीत जे जळायचं, ते थांबलंय. हे माझ्या जोरावर झालेलं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

बाबा, आई म्हणाली की ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि तिला रात्री वाचवत नाही, म्हणून घरची कौटुंबिक प्रार्थना वाचनाशिवायच होते. लहानपणी कंदिलाजवळ तुम्ही वाचायचात आणि मी पेंगायचो. आता रोज रात्री आठला मी फोन करीन. फोन टेबलावर मधोमध ठेवा, मी वाचतो. गीत मात्र आईनेच सुरू करायचं.

तुमच्या पवित्र शास्त्रातली खूण कुठल्या अध्यायावर आहे, तेवढं आईला बघायला सांगा. तिथून पुढे घेऊ.

तुमचा,
धाकटा