कार्पेट सर्वांत शेवटी: काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आमच्या 16 फुटी ॲल्युमिनियमच्या होडीच्या डेकवर कार्पेट बसवताना तुम्ही जी मदत केलीत, तिच्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही आणि मोबदल्याचा विषय निघाला की काकूंना चहा टाकायला सांगता, त्यामुळे लेखी मानण्यावाचून मार्ग उरला नाही. पत्र अनावृत ठेवण्याचे कारण असे की, डेट्रॉइटच्या आसपास राहून लेक सेंट क्लेअरवर गळ टाकायला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण जुनी होडी स्वस्तात घेतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिचे कार्पेट बदलायला निघतात. तुम्ही मला जे दाखवलेत ते त्यांच्याही कामी यावे.

तुम्ही पहिल्यांदा गॅरेजमध्ये आलात तेव्हा मी आणलेली कार्पेटची गुंडाळी तुम्ही उचलून भिंतीशी उभी केलीत आणि तिच्याकडे पुढे बरेच दिवस पाहिलेही नाहीत. तुमचे सगळे लक्ष डेकच्या फळ्यांकडे होते. आधीच्या मालकाने घातलेले प्लायवुड कडांना बोटाने दाबले तरी आत जात होते, आणि ते जिथे जिथे ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांना टेकले होते तिथे धातूला पांढऱ्या भुकटीचे खड्डे पडले होते. ते लाकूड घराच्या अंगणातल्या डेकसाठी मिळणारे, रसायन मुरवलेले होते. त्या रसायनात तांबे असते, आणि ओल असताना तांबे व ॲल्युमिनियम एकत्र आले की झीज ॲल्युमिनियमची होते, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलेत. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी 2003 च्या अखेरपर्यंत आर्सेनिक असलेले मिश्रण वापरात होते. त्याच्या जागी जी नवी मिश्रणे आली त्यांत तांब्याचे प्रमाण अधिक, म्हणजे माणसाला बरी आणि होडीला वाईट. दुकानातला विक्रेता हे सांगत नाही, कारण त्याच्या मते न कुजणारे लाकूड म्हणजे चांगले लाकूड. त्याचे म्हणणे अंगणापुरते खरे आहे.

म्हणून तुम्ही मरीन प्लायवुडचा आग्रह धरलात. त्यातला आणि साध्या एक्स्टीरियर प्लायवुडमधला डिंक एकाच प्रतीचा, पाण्याला दाद न देणारा असतो. फरक आतल्या थरांत असतो. साध्या फळीच्या पोटात लहानमोठ्या पोकळ्या चालवून घेतात, आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून शिरलेले पाणी त्या पोकळीत साठून राहते. तरीही मरीन प्लायवुडसुद्धा कुजतेच, ते न कुजण्याचे कोणतेही औषध त्यात नसते, हेही तुम्ही बजावलेत. तुमचे वाक्य मी लिहून ठेवले आहे: “लाकडाला पाणी वरून मारत नाही, कडेने मारते.” मालवणात तुमच्या लहानपणी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावत, तेव्हा जोडांच्या फटी आणि फळ्यांची टोके यांवर हात दोनदा फिरत असे, ही आठवण तुम्ही त्याच वेळी सांगितलीत. इथे तेलाऐवजी इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून लावायचा आणि सुकून कडक होणारा लेप होता, पण हात तसाच फिरला. सपाट भागावर दोन थर, कडांना तीन, आणि प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, सुकल्यावर त्यातच पुन्हा स्क्रूच्या मापाचे भोक. इपॉक्सी खोल डब्यात राहू दिले तर स्वतःच्या उष्णतेने तापून आळते, म्हणून कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतायचे, हे तुमच्यामुळे कळले. थर वाळल्यावर वर जो मेणचट पापुद्रा येतो तो साध्या पाण्याने धुऊन मग पॉलिश पेपर मारायचा, हेही कळले. पापुद्रा तसाच राहिला तर त्यावर लावलेला कोणताही गोंद काही महिन्यांत सुटतो. सुटलेल्या कार्पेटचा दोष बहुतेक लोक गोंदाला देतात.

फळ्या काढल्यावर खालचा फोम दिसला. 20 फुटांपेक्षा कमी लांबीच्या नव्या होडीला पाण्याने भरली तरी तरंगण्याची सोय अमेरिकेत सरकारी नियमाने द्यावी लागते आणि ती बहुधा असा फोमच पुरवतो, त्यामुळे तो काढून जागा मोकळी करण्याचा विचार कोणीही करू नये. मात्र आमच्या होडीतला फोम तळाशी पाणी पिऊन जड झाला होता. तुम्ही तो तुकडा तुकडा काढून हातात तोललात आणि ओला तेवढाच टाकून दिलात. त्या जागी बंद छिद्रांचा नवा फोम भरताना कण्याच्या रेषेत पाण्याला वाहायला मोकळी वाट ठेवलीत. एक घनफूट फोमचे वजन साधारण 2 पौंड आणि त्याने बाजूला सारलेले पाणी 62 पौंडांच्या वर. म्हणजे होडी भरली तरी प्रत्येक घनफुटामागे सुमारे 60 पौंडांचा आधार. हा हिशेब तुम्ही फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मांडलात आणि तो इपॉक्सीखाली कायमचा राहिला आहे.

वजनाबाबत तुम्ही माझे ऐकले नाहीत, याबद्दल वेगळे आभार. नाळेकडचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा डेक काठाच्या उंचीपर्यंत उचलला तर उभे राहून गळ फेकायला ऐसपैस जागा मिळते, आणि तसे अनेक होड्यांत केलेले दिसते. तुम्ही मला होडीवरची क्षमतेची पाटी वाचायला लावलीत. माणसे, इंजिन आणि सामान मिळून जे पौंड त्या पाटीवर लिहिलेले असतात, त्यांतूनच आपण घातलेल्या डेकचे वजन वजा होते. अर्धा इंच जाडीची 4 बाय 8 फुटांची एक फळी साधारण 45 ते 50 पौंड भरते. त्याशिवाय उभा माणूस जितका वर जाईल तितकी अरुंद होडी डुगडुगणार. शेवटी डेक काठाच्या बराच खाली राहिला आणि मुलगी त्यावर निर्धास्त उभी राहते.

अमेरिकेतल्या होडीवर कार्पेट का घालतात, हा प्रश्न मला कोकणातल्या नातेवाइकांनी फोनवर हसत हसत विचारला होता. उत्तर तुमच्याकडून मिळाले. आपल्याकडच्या मच्छीमाराच्या होडीत जाळी ओढली जातात, मासळीचा चिकट थर पडतो, खारे पाणी आत येते आणि दिवस संपला की सगळे बादलीने धुऊन टाकायचे असते. तिथे कार्पेट म्हणजे कुजका बोळा. इथली ही होडी गोड्या पाण्यातली, एकेका माशामागे हिंडणारी, आणि मासा बहुधा पुन्हा पाण्यात सोडणारी. 1948 मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मंड यांनी खास बास मासा पकडण्यासाठी सपाट, हलकी होडी बांधली, आणि पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस बासच्या स्पर्धा सुरू झाल्यावर उभे राहून गळ फेकण्याचा सपाट डेक सर्वत्र पसरला. ॲल्युमिनियमवर पडलेल्या शिशाच्या वजनाचा किंवा बुटाचा ठोका पाण्यात दूरवर ऐकू जातो. लेक सेंट क्लेअरची सरासरी खोली जेमतेम 11 फूट आहे, आणि 1988 मध्ये तिथे झेब्रा शिंपले सापडल्यापासून त्यांनी पाणी गाळून गाळून पूर्वीपेक्षा नितळ केले आहे. अशा उथळ, स्वच्छ पाण्यात स्मॉलमाउथ बासला आपली चाहूल लवकर लागते. कार्पेट तो आवाज गिळते, उन्हात तापलेल्या धातूपासून पाय वाचवते आणि ओले असतानाही पाय घसरू देत नाही. त्यात गळ अडकतात आणि ते वाळायला वेळ लागतो, हे दोन दोष तुम्ही लपवले नाहीत. हल्ली फोमच्या चिकट पट्ट्या मिळतात व त्या धुवायला सोप्या आहेत; पण त्या पुसायच्या सोयीच्या असल्या तरी माझ्या कानांना कार्पेटच अधिक शांत वाटते, आणि या बाबतीत मी तुमच्याही एक पाऊल पुढे हट्टी झालो आहे.

आता प्रत्यक्ष कार्पेटविषयी. घरातले कार्पेट होडीत चालत नाही, कारण त्याची जाड पाठ पाणी धरून ठेवते. तुम्ही निवडलेले पॉलिप्रॉपिलीनचे होते: धागा पाणी पीत नाही, आणि रंग धाग्यातच मिसळलेला असल्याने उन्हाने लवकर उडत नाही. गुंडाळी उन्हात पसरून तिची वळी जाऊ दिली. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण काढून सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवलीत. हे केले नाही तर एकाच गुंडाळीतले दोन तुकडे शेजारी शेजारी दोन रंगांचे दिसतात. कापणी नेहमी पाठीकडून, नवी पाती वारंवार बदलत, आणि चारी बाजूंनी खाली दुमडायला तीन इंच जास्त ठेवून.

डेकमधल्या सामानाच्या खणांच्या झाकणांच्या वेळी मात्र तुमच्यातला टूलरूमचा, म्हणजे कारखान्यात काटेकोर मापाची हत्यारे घडवणाऱ्या विभागातला माणूस पूर्ण जागा झाला. कार्पेटची जाडी व्हर्नियर कॅलिपरने, एकदा दाबून आणि एकदा न दाबता मोजणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. झाकणाच्या कडेवर एक जाडी आणि भोवतीच्या चौकटीच्या कडेवर दुसरी, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन जाड्या आणि वर थोडी मोकळीक, इतके झाकण लहान कापावे लागते. तुमच्या मापाने कापलेली झाकणे आज ओल्या कार्पेटसकट एका बोटाने उघडतात. शेजारच्या धक्क्यावर एका गृहस्थांना आपले झाकण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटताना पाहिले आणि तुमची आठवण झाली.

गोंद लावण्याआधी तुम्ही गॅरेजचे दार पूर्ण उघडलेत आणि कोपऱ्यातल्या वॉटर हीटरची ज्योत बंद करायला लावलीत, डब्यातला गोंद पाण्याचा असूनही. कारण काठांसाठी आणलेल्या दुसऱ्या डब्यातल्या गोंदाची वाफ पेट घेणारी होती. एप्रिलमधल्या थंडीत 50 अंश फॅरनहाइटच्या खाली गोंद नीट धरत नाही म्हणून मे उजाडेपर्यंत थांबवलेत. तेव्हा मी कुरकुरलो, हे काकू सांगतीलच. दातेरी थापीने फळीवर गोंद पसरायचा, तो किंचित चिकट होऊ द्यायचा, मग कार्पेट मध्यभागी टेकवून रोलरने मधून कडांकडे हवा काढत जायचे. बाहेरच्या कोपऱ्यावर खालून त्रिकोणी तुकडा कापून काढायचा आणि आतल्या कोपऱ्याला फक्त चीर द्यायची. खालच्या बाजूला स्टेपल स्टेनलेस स्टीलचेच, आणि फळीच्या जाडीपेक्षा आखूड. साध्या स्टेपलचा गंज पहिल्याच हिवाळ्यात कार्पेटमधून वर डोकावतो.

तुमची सर्वांत देखणी युक्ती खुर्चीच्या पायासाठी भोके पाडतानाची होती. कार्पेटमधून सरळ ड्रिल घातले तर बिटाभोवती धागा गुंडाळून लांबलचक ओरखडा उसवतो. तुम्ही सोल्डरिंगची तापलेली कावी टेकवलीत. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भोकाच्या कडा वितळून आपोआप बंद झाल्या आणि मग त्यातून ड्रिल विनातक्रार गेले.

होडी पाण्यात गेल्यावरही तुमची शिकवण संपली नाही. मिशिगनमध्ये 2019 पासून धक्का सोडण्यापूर्वी होडीची बुचे काढून पाणी सोडणे कायद्याने बंधनकारक आहे. पण कार्पेटमध्ये अडकलेली ओल बुचातून जात नाही. झेब्रा शिंपल्यांसारखे जीव ओलीतून एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या तळ्यावर जायचे तर मधे पाच दिवस सगळी झाकणे उघडी टाकून वाळवायचे, आणि ट्रेलरच्या ज्या फळ्यांवर होडी टेकते त्यांच्यावरचे कार्पेटही तितकेच वाळले की नाही ते हात लावून पाहायचे, हा नियम आता आमच्या घरात मुलगी माझ्याकडून पाळून घेते.

काकूंचे आभार मानायला शब्द कमी पडतील असे लिहिण्याची पद्धत आहे. मला एकच शब्द पुरतो, आणि तो सोलकढी. गॅरेजमध्ये गोंदाने बरबटलेल्या हातांनी प्यालेल्या त्या पेल्यांची चव हॉटेलात येत नाही.

कार्पेटची उरलेली पट्टी मी जपून ठेवली आहे. तुमच्या ट्रेलरच्या फळ्यांवरचे कार्पेट पार झिजले आहे, ते मागच्या वेळी पाहिले. ही पट्टी, स्टेनलेसच्या स्टेपलचे उरलेले खोके आणि तुमचा रोलर घेऊन येत्या शनिवारी सकाळी येतो. त्या फळ्यांवर पट्टी मी बसवीन आणि तुम्ही फक्त खुर्चीत बसून चुका काढायच्या, एवढी विनंती आहे. जूनच्या तिसऱ्या शनिवारी लेक सेंट क्लेअरवर बास घरी न्यायची मुभा सुरू होते. त्या दिवशी नाळेकडची खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, आणि काकूंनी यायचे ठरवले तर मागची त्यांच्यासाठी.

कळावे, लोभ असावा.

तुमचा कृतज्ञ शेजारी