८ एप्रिलला फ्लोरिड्सडॉर्फला जमायचंय, विसरू नका

मंडळी, परत एकदा आठवण, ८ एप्रिलला संध्याकाळी साडेपाचला व्हिएन्नाच्या यू-६ मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनबाहेर भेटायचं, म्हणजे फ्लोरिड्सडॉर्फ, तिथून आम श्पिट्झ चौक चालत अगदी जवळ आहे. आपल्यातले निम्मे लोक तिथून रोज ट्राम बदलतात पण भिंतीवरची, तिथं फाशी गेलेल्या तिघा अधिकाऱ्यांच्या आठवणीची ती पाटी कोणी वाचलेली नाही (मी पण चार वर्षं नव्हती वाचली, लाज वाटते सांगायला).

८ एप्रिल १९४५ ला तिथं जर्मन सैन्यातले मेजर कार्ल बीडरमान, कॅप्टन आल्फ्रेड हूट आणि लेफ्टनंट रुडोल्फ राश्के या तिघांना नाझींच्या एसएस दलवाल्यांनी भर चौकात फाशी दिलं. राश्के तर जेमतेम २१ चा पोरगा. गुन्हा काय, तर व्हिएन्ना लढाईत बेचिराख होऊ नये म्हणून मेजर सोकोलच्या गटाबरोबर शहर रशियनांच्या रेड आर्मीच्या हाती द्यायचा बेत केला, केस नावाचा त्यांचा सार्जंट फ्रंट ओलांडून रशियनांशी बोलून पण आला होता, आणि मग फितुरी झाली. गळ्यात पाट्या अडकवल्या, बोल्शेविकांशी हातमिळवणी केली म्हणून. आणि पाचच दिवसांनी, १३ ला, शहर पडलंच!

सोकोल निसटला, २००४ पर्यंत जगला. पेन्झिंगला या तिघांच्या नावाची लष्करी बरॅक आहे, ती नंतर कधीतरी बघू.

फुलं मी आणतो, मेणबत्त्या कोणीतरी आणा. वारा असतो तिथं, काचेतल्याच आणा. येणाऱ्यांनी इथंच अंगठा टाका.