सणाच्या दिवशी पेपर
महोदय,
विद्यापीठाचं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरतं, तरी कुणाच्या ना कुणाच्या सणादिवशी पेपर येतोच. मग विद्यार्थी अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा आणि आतून प्रश्न, 'पुरावा काय?' (सणाचा दाखला कोण देतं, देव जाणे!) हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, शिवाय चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे. ज्यूंचा योम किप्पूर, म्हणजे उपवास-प्रायश्चित्ताचा पवित्र दिवस, आदल्या सूर्यास्तालाच लागतो, म्हणजे आदल्या संध्याकाळचा पेपरही अडचणीचा. सगळ्यांनाच सुट्टी द्या असं मी म्हणत नाही. पर्यायी तारीख मात्र वेळापत्रकातच छापा; प्राध्यापकाच्या मर्जीवर ठेवू नका.
– एक निवृत्त प्राध्यापक