डेव्हन अॅव्हेन्यूवरून मिलिंदला

शिकागो, एप्रिल २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

२६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीत आणलं त्याच दिवशी तुझा मेसेज आला, "हल्ल्याचं तुला तेव्हा तिकडे कसं कळलं होतं रे?" इतक्या वर्षांत आपण यावर धड बोललोच नाही. फोनवर मला ते जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग, त्यामुळे ऑफिस निम्मं रिकामं. इथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास एक हैदराबादी सहकारी सांगत आला की मुंबईत गोळीबार चाललाय. गँगवॉर असेल असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "सीएसटीला." पोटात गोळाच आला. तुझी फोर्टातली बँक आणि रात्रीची कल्याण फास्ट मला पाठ होती ना!

तुझा मोबाइल लागेना. कॉलिंग कार्डाचा नंबर दाबायचा, पिन दाबायचा, मग तुझा नंबर, की पुन्हा तीच बाई, सगळ्या लाइन्स व्यस्त आहेत. घरी येऊन टीव्ही लावला तर ताज, ओबेरॉय, परत ताज. घुमटाजवळून निघणारा धूर जगाने पाहिला. मी मात्र सीएसटी शोधत होतो, आणि ते नाव खालच्या पट्टीतून सरकत निघून जायचं. १६६ माणसं गेली, त्यातली पन्नासहून जास्त एकट्या सीएसटीवर. मेलगाडीची वाट बघत सामानाशी बसलेली साधी माणसं, रे. अनाउन्सर विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून लोकांना बाहेर पडा म्हणून सांगत राहिले, नाहीतर लोकलच्या बाजूलाही तेच झालं असतं. नऊ वर्षांच्या देविका रोटावनच्या पायात तिथेच गोळी घुसली. पुढे त्याच पोरीने कोर्टात हल्लेखोर कसाबला ओळखलं. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या दुपारी फक्त ताज दिसत होतं.

शेवटी तुमचा डोंबिवलीचा लँडलाइन लागला. काकूंनी उचलला. "आलाय रे तो, जेवतोय," म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि जमिनीवरच बसलो.

पण टीव्ही बंद करवेना. हेल्मेट चढवणारे पोलीस अधिकारी करकरे दाखवत होते आणि त्याच बातमीत ते गेल्याचं सांगत होते. कामा हॉस्पिटलजवळ करकरे, कामटे, साळसकर तिघेही एका गाडीत. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळ्यांनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण ती सोडली नाही. साताऱ्याकडचा माणूस. कसाब जिवंत सापडला म्हणून हे सगळं कराचीहून समुद्रमार्गे आलं याचा जिता पुरावा हाती लागला. ओंबळ्यांचं नाव घेताना मला आजही भरून येतं. शनिवारी सकाळी ताजमधली कारवाई संपेपर्यंत आमच्या घरात कुणी धड झोपलं नाही.

मिलिंद, तोवर मी स्वतःला समजावत होतो की आपण फार लांब आहोत, आपल्या हातात काही नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इथल्याच ओहेअर विमानतळावर डेव्हिड हेडली पकडला गेला. ताजमध्ये राहून, मुंबईभर हिंडून त्यानेच हल्ल्याच्या ठिकाणांचं आधी चित्रीकरण केलं होतं. त्यासाठी राणाच्या इमिग्रेशन कंपनीचा आडोसा, ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये तिची शाखा. आणि राणाचं इथलं ऑफिस कुठे? डेव्हन अॅव्हेन्यूवर. जिथे आम्ही कढीपत्ता, भाकरीचं पीठ, गणपतीत मोदकाची पिठी आणायला जातो, त्याच रस्त्यावर! बायको कित्येक महिने तिकडे यायला तयार नव्हती. तिला आग्रह करायची माझी छाती झाली नाही.

इथल्या ज्युरीने २०११ मध्ये राणाला मुंबईच्या कटातून मोकळं सोडलं. डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ल्याचा कट आणि लष्कर-ए-तैयबा या दहशतवादी संघटनेला मदत एवढंच सिद्ध धरलं. हेडलीने सौदा केला: कबुली द्यायची, साक्ष द्यायची, बदल्यात फाशी नाही आणि भारतात पाठवणीही नाही. त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. मी ज्या देशात कर भरतो तिथल्या तुरुंगात तो सुरक्षित आहे, हे मला अजून पचत नाही. मुंबईच्या कोर्टाला त्याची साक्ष व्हिडिओवर घ्यावी लागली! राणा तरी तिकडे आला याचं मला मनापासून बरं वाटलं.

आता खटल्यात काय होतं ते इथल्या पेपरांत फारसं येणार नाही, तूच कळवत जा. आणि त्या रात्री तू नेमक्या कुठल्या गाडीने निघालास, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

तुझा,
सतीश